काकवीचा वास

प्रियदर्शनीला काकवीची शिसारी होती. घर मलकापुरात, सासरच्या गुऱ्हाळाला अगदी खेटून, आणि सुनेला काकवी नको, याचं भावकीला भारी नवल वाटे. पण तिची पहिली मुलगी जन्मली आणि चार दिवसांत लंगोटांना काकवीचा वास येऊ लागला, तेव्हा हीच भावकी कौतुकानं हसली होती. गुऱ्हाळवाल्यांची पोर, तिला दुसरा कसला वास येणार! बारसं व्हायच्या आत मुलगी गेली. पुढं शिवतेज झाला, पुन्हा तोच वास आला, तशी ही बाळंतीण कुणाला न विचारता पोराला घेऊन थेट पुण्याला गेली.

तिथं कळलं की वास गुऱ्हाळाचा नव्हताच. डाळ, दूध, अंडं यातलं प्रथिन पोराच्या अंगाला पचत नव्हतं, त्याचं विष होऊन डोक्यात चढत होतं. दोष आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आलेला.

शिवतेज आता चार वर्षांचा झाला होता. तोलून दिलेला भात आणि एक औषधी पावडर, एवढंच त्याचं जेवण. पावडरीला असा कुबट वास की डबा उघडला की प्रियदर्शनीला मळमळायचं. तरी पावडर परवडली, माणसं नको, असं तिला वाटायचं. माणसं यायची, चहा ढोसायची आणि पोराच्या देखत म्हणायची, "सुटलं तर बरं हुईल बिचारं!" शिवाय जाताना त्याच्या हातावर पेढा ठेवायची. काय म्हणावं असल्या मायेला? सासू शालूबाई तर घरचीच. मागच्या महिन्यात तिनं चोरून आमटी-भात भरवला, "एका घासानं काय हुतंय" म्हणाली, आणि पोर आठवडाभर दवाखान्यात पडलं.

वर तिचं पालुपद ठरलेलं होतं. "हे दुखणं हिच्या माहेरचं हाय."

त्या दिवशी सांगलीहून मिस्बाह नावाची मुलगी आली. अशा मुलांना सांभाळणाऱ्या आयांच्या मनाची अवस्था काय होते, यावर तिचं संशोधन चाललं होतं. झोप, जेवण, दमणूक असं विचारता विचारता तिनं आवाज उतरवला.

"ताई, जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात येतं का?"

प्रियदर्शनीनं तोंड उघडायच्या आत शालूबाई पुढं सरसावली. "आवं, आमच्या घरात तसलं काय न्हाई. येडेपणा असंल तर हिच्या माहेरचा."

आणि प्रियदर्शनीला एकदम सगळ्याची किळस आली. त्या वासाची, पेढ्यांची, या बाईच्या जिभेची.

"आत्या, तुमचं माहेर कंचं? वडूज. माझं कंचं? वडूज. माझा बा तुमचा सख्खा भाऊ हाय. एकाच उंबऱ्यावरनं आलो की दोघी!" ती मिस्बाहकडे वळली. "व्हय, येतं मनात. समदी म्हणत्यात पोरगं सुटलं तर बरं. मला वाटतं, मग आमी दोघंबी सुटू की."

मिस्बाहनं लिहिणं थांबवलं आणि तिचा हात धरला. "बरं केलंत बोललात. पण आता एकटं राहायचं नाही. आजच सांगलीला चला, आमच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याशी बोला. मी सोबत आहे."

शालूबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. ती पुटपुटली, "माझं थोरलं लेकरूबी असंच गेलं. तवाबी काकवीचा वास यायचा. मला कुणी इचारलंच न्हाई."

प्रियदर्शनीला तिची कीव यायला हवी होती, पण आली नाही. हा वास हिला ओळखीचा होता. पहिल्या मुलीच्या वेळी ठाऊक होता, आमटी-भात भरवतानाही ठाऊक होता. हिनं तोंड मिटून ठेवलं, आणि उघडलं ते माहेर काढायला.

"तू जा पोरी," शालूबाई डोळे पुसत म्हणाली. "शिवतेजला मी बघते."

प्रियदर्शनीनं पावडरीचा डबा पिशवीत टाकला आणि पोराला कडेवर घेतलं.

"न्हाई आत्या. जगायचं ठरवलंय, तर आमी दोघंबी जातो."