बुजगावण्याचं अंतर

आमच्या घरात वस्तू निवडण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलं. पण अजून कुणी काढून घेतलेलं नाही, याबद्दल मी घरच्यांचा आभारी आहे. मिक्सर असो, पंखा असो, मी तीन दुकानं हिंडतो, पेटीवर छापलेलं दुकानदारालाच वाचून दाखवतो आणि ज्या पेटीवर सगळ्यांत मोठा आकडा असेल ती वस्तू घरी आणतो. आमचा मिक्सर असा आहे की आमच्याकडे आज खोबऱ्याची चटणी आहे हे वरच्या दोन मजल्यांना आपोआप कळतं.

तर एका शनिवारी मुलगी माहेरी आली, टेबलावर दोन काळ्या पिशव्या ठेवल्या आणि म्हणाली, “पप्पा, यातलं एक निवडायचंय.” तेव्हा मी चष्मा पुसूनच बसलो.

मुलगी हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला आहे. कॉलेजात एनसीसीत असताना तिच्या हाती रायफल आली ती सुटली नाही. आता ती फार लांबच्या नेमबाजीत पडली आहे. लांबची म्हणजे एक किलोमीटर आणि त्याच्याही पुढची. ही कला तिला कुठून मिळाली हे आम्हाला कोडंच आहे. माझं लहानपण खडकीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि पलीकडच्या मैदानावरचा गोळीबार ऐकत आम्ही शाळेचे डबे भरायचो. तरी आयुष्यात मी बंदूक एकदाच धरली. जत्रेत, छर्र्याची. फुगा फुटला, पण तो शेजारच्या गृहस्थांच्या फळीवरचा होता. त्यांनी माझे आभार मानले.

पिशव्यांत, आपापल्या पेट्यांसकट, होती अंतर मोजायची यंत्रं. लेझर रेंजफाइंडर. हातात मावणारी दुर्बीणच म्हणा. डोळ्याला लावायची, समोरच्या वस्तूवर नेम धरायचा, बटण दाबायचं. आतून न दिसणारा प्रकाश जातो, वस्तूवर आपटून परत येतो, आणि ती किती मीटरवर आहे तो आकडा डोळ्यासमोर उमटतो. क्लबातल्या दोन ज्येष्ठ खेळाडूंनी आपापली यंत्रं तिला आठवडाभर वापरून बघायला दिली होती. जे पसंत पडेल तसलं नवं मागवायचं होतं.

“पण एवढं मोजायचं कशाला? साधारण अंदाजानं मारायचं,” मी म्हणालो.

“पप्पा, एक किलोमीटरवर जाईपर्यंत गोळी तीनचार मजले खाली येते. तेवढं धरूनच वर नेम धरावा लागतो. अंतर वीस मीटरनं चुकलं की संपलं, गोळी पाटीच्या वरून नाहीतर खालून मातीत.”

हे ती अगदी सहज बोलली, पण तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी पेटी वाचायला घेतली. कारण गेल्या वर्षी हेच झालं होतं. परदेशात डोंगराळ भागात स्पर्धा होती. तिथे लोखंडी पाट्या डोंगराच्या उतारांवर गवतात उभ्या करतात, आणि किती लांब आहेत ते कुणी सांगत नाही. ज्यानं त्यानं आपलं मोजायचं. मुलीनं उसन्या यंत्रानं मोजलं, आकडा आला, तिनं तसा नेम धरला आणि लांबच्या सगळ्या पाट्या हुकल्या. परत आली ती फारसं बोलली नाही. “माझाच हात हलला असणार,” एवढंच म्हणाली. नंतर आईला तिनं सांगितलं की आणखी एकदाच जाणार. रजा जाते, घरचे सांभाळून घेतात, आणि आपण तिथे जाऊन माती उडवून येतो. यंदा नीट झालं तर ठीक, नाहीतर रायफल बंद.

म्हणजे त्या दोन पिशव्यांपैकी एकीच्या जोरावर माझ्या मुलीची रायफल चालू राहणार होती. आणि निवड माझ्याकडे आली होती. देव मानत असतो तर त्याला मी विचारलं असतं, बाबा रे, दुसरं कुणी मिळालं नाही का?

यंत्रांपैकी एक मोठं होतं, दिसायला देखणं. पेटीवरचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट. दुसरं बुटकं, गबाळं, साबणाच्या वडीसारखं. माझा कल कुठे गेला ते सांगायला नको. रविवारी सकाळी दोन्ही घेऊन मी आमच्या बोपोडीच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. “खडकीच्या बाजूला रोखू नका हो, लष्कर आहे तिकडे,” बायकोनं खालूनच बजावलं. मी नदीपलीकडे रोखलं. काचेच्या इमारती, पाण्याच्या पांढऱ्या टाक्या, जाहिरातींचे फलक. मोठ्या यंत्रानं पटापट आकडे दिले. दोन किलोमीटरवरची काचेची इमारत त्यानं एका दमात सांगितली. बुटक्यानं तिच्यापुढे नुसत्या रेघा दाखवल्या. मला फार समाधान वाटलं.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारे गृहस्थ म्हणाले, “आमच्या घरात बघायचं असेल तर बेल वाजवून या. दार उघडतो आम्ही.”

“अहो, मी तुमची टाकी बघत होतो.”

“टाकीसुद्धा आमचीच आहे.”

खाली येऊन मी निकाल जाहीर केला. मोठं. मुलगी दमलेली होती, आठवडाभर कंपनीत बारा-बारा तास बसून पोरगी अर्धी होते. “तुम्ही म्हणता तर तेच मागवू,” म्हणाली. तेव्हा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “तिकडे हिला काचेच्या इमारती मारायच्या आहेत का?”

मी मोठं यंत्र पुन्हा पिशवीत घातलं.

“नाही, मी आपलं विचारलं. पाटी गवतात असते ना? मळकी? मग गवतात बघा की.”

बाईचं म्हणणं बरोबर होतं, पण पुण्यात आता गवत, उतार आणि मोकळं अंतर एका जागी कुठून आणायचं? टेकडीवर गेलं तर फिरायला येणारी मंडळी आधी चौकशी करतील, मग सूचना करतील, मग समिती नेमतील. आम्ही असा विचार करत असताना व्याह्यांचा फोन आला. मुलीनं नवऱ्याला सांगितलं होतं, त्यानं वडिलांना.

“पाव्हणं, गच्चीवर काय मोजता? आमच्याकडं या. टावर झालं म्हणून काय सगळं गेलं व्हय? मागं डोंगराकडचा माळ अजून हाय आपला.”

व्याही हिंजवडीचे मूळचे शेतकरी. गावावर आयटी आली, जमीन बरीचशी गेली, थोडी राहिली. लग्न झालं ते दोनदा, आमच्याकडे विहारात आणि त्यांच्याकडे मंडपात, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्या मंडळींची समजूत काढता काढता आम्ही दोघे बाप इतके सभ्य झालो की नंतर भेटलो तरी “आपण बसा,” “नाही, आधी आपण बसा,” यातच चहा गार व्हायचा. वाईट काहीच नव्हतं. पण सलगीही नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. कंपन्यांच्या बस नसल्या की हिंजवडीचा रस्ता रस्त्यासारखा दिसतो. माळ खरंच मोकळा होता. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, लांब मागे डोंगराचा करडा उतार, आणि आमच्या पाठीशी काचेचे टॉवर. व्याह्यांनी सकाळीच तिकडे टोकाला बांबू रोवून एक बुजगावणं उभं केलं होतं. मुलीनं फोनच्या नकाशावर अंतर काढून ठेवलं, साडेसातशे मीटरच्या आसपास.

पहिला मान माझा. मी मोठं यंत्र डोळ्याला लावलं, बुजगावणं शोधलं आणि थबकलो. त्याच्या अंगात फिकट निळा, ठळक रेघांचा सदरा होता. तो सदरा मी ओळखत होतो. लग्नात व्याह्यांना आहेर म्हणून मीच शिवून घेतलेला. शनिवार पेठेतल्या दुकानातलं कापड, तीन दुकानं हिंडून निवडलेलं, आणि माप? माप मी साखरपुड्यात लांबून नजरेनं घेतलं होतं. मला नजरेचा फार अंदाज आहे.

दुर्बीण काढून मी व्याह्यांकडे बघितलं. त्यांनी डोंगराकडे बघितलं.

“बसला नाय ओ,” ते शेवटी म्हणाले. “बटनंच लागंनात. दोन वरसं कपाटात हुता. म्हटलं आज पोरीच्या कामाला तरी ईल.”

“मग सांगायचं नाही का, आबा!”

“कसं सांगनार? तुमी लई आपण-आपण करता.”

बायको हसायला लागली ती खाली गवतातच बसली. मग व्याही हसले, आणि मी, ज्यानं तो सदरा दिला तो मी, सगळ्यांत शेवटी हसलो. आपण-आपण त्या दिवसापासून बंद झालं.

मग मोजायला लागलो. मी बटण दाबलं. आठशे साठ. पुन्हा दाबलं. आठशे साठ. यंत्रानं अगदी ठामपणे सांगितलं, मिक्सरच्या आवाजात म्हणावं तसं. मी अभिमानानं मोठ्यानं वाचून दाखवलं.

“काय आलं?” मुलगी एकदम जवळ आली. तिनं यंत्र माझ्या हातातून घेतलं. तिनं मोजलं तरी आठशे साठ. तिसऱ्यांदाही तेच. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं.

“हे बुजगावण्याचं नाही. हे मागच्या उताराचं अंतर आहे.”

मला कळेना. तिनं समजावलं. यंत्रातून निघणारा झोत लांब जाताना पसरत जातो. याचा झोत रुंद. तिकडे पोचेपर्यंत तो बुजगावण्यापेक्षा कितीतरी मोठा होतो. थोडा सदऱ्यावर पडतो, बाकीचा सगळा मागच्या डोंगरावर, आणि जिकडून जास्त उजेड परत येतो तिकडचाच आकडा यंत्र दाखवतं. काचेची इमारत असली की झोत कितीही रुंद असो, सगळा तिच्यावरच पडतो. पेटीवरचा मोठा आकडा असल्याच चकचकीत, मोठ्या वस्तूंसाठी असतो.

“गेल्या वर्षीचं यंत्र याच जातीचं होतं,” ती हळू म्हणाली. “पाट्यांच्या मागे असाच उतार होता. आई गं. माझा हात नव्हता हलला.”

वर्षभर तिनं स्वतःच्या हाताला दोष दिला होता, आणि आम्ही आईबाप तिला ‘होतं असं’ म्हणत तो दोष पक्का करत होतो.

मग बुटकं काढलं. याचा झोत अरुंद. पण तोवर ऊन चढलं होतं, आणि भर उन्हात ही यंत्रं अर्धी आंधळी होतात म्हणे. नुसत्या रेघा. अरुंद झोताचं दुसरं दुखणं असं की हात जरा हलला तरी तो नेमक्या वस्तूवरून सरकतो. असं यंत्र तिपाईवर ठेवायचं असतं. तिपाई आणायचं काम माझ्याकडे होतं. तिपाई बोपोडीत, दाराच्या मागे, सुखरूप होती.

मी काही बोलायच्या आत व्याही पुढे झाले, गवतात एक गुडघा टेकून बसले आणि म्हणाले, “ठेव माझ्या खांद्यावर.”

मुलगी बिचकली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्यांसमोर ती अजून जपूनच वागते, आणि त्यांच्याकडे सून सासऱ्याच्या खांद्याला हात लावत नाही. व्याही मान न वळवता म्हणाले, “अगं ठेव की. बैलाचं जू वाह्यलंय या खांद्यानं, तुझं खेळणं काय जड हाय?”

तिनं बुटकं त्यांच्या खांद्यावर ठेवलं. तिचा गाल त्यांच्या टोपीला लागत होता. व्याह्यांनी श्वास रोखून धरला, इतका की आम्हीही रोखला. तिनं बटण दाबलं.

“सातशे अठ्ठेचाळीस.”

पुन्हा. सातशे अठ्ठेचाळीस. व्याह्यांनी एकदा श्वास घेऊन परत रोखला. सातशे सत्तेचाळीस. आकडे लाल होते, मागच्या करड्या डोंगरावरही स्वच्छ वाचता येत होते. मोठ्या यंत्राचे काळे आकडे तिथे डोळे ताणून वाचावे लागत होते, हेही आम्हाला तेव्हाच दिसलं.

“आबा, सोडा आता श्वास,” मुलगी म्हणाली.

“झालं व्हय? म्हटलं अजून मोजती का काय.”

बुटकं मागवलं. ते आलं, मुलगी तिपाईवर लावून रोज सकाळी सराव करू लागली, आणि मग स्पर्धेला गेली. तिचे निकाल यायचे त्या दिवशी आम्ही नवराबायको व्याह्यांकडे जेवायला गेलो होतो. त्याला आता बोलावणं लागत नाही. ताटं मांडली तेवढ्यात फोन वाजला, व्याह्यांनी तो स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं ओरडले, “लागल्या का?”

“सगळ्या नाही, आबा. वारा फार होता. पण अंतर एकदाही चुकलं नाही. सगळ्यांत लांबची लागली! लोखंडाचा आवाज यायला इतका वेळ लागतो, मला वाटलं हुकलीच, आणि मग आला.”

“नंबर किती?”

“मधला कुठला तरी आहे. पुढच्या वर्षी वर येईल.”

पुढच्या वर्षी, असं ती म्हणाली. बायकोनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच पोळ्या वाढायला उठली. विहीणबाईंनी फोन ओढून घेतला आणि तिकडे थंडी किती आहे याची चौकशी सुरू केली. आम्ही दोघे बाप ताटावर बसलो.

“पाव्हणं,” व्याही हळूच म्हणाले, “तुमी निवडलेलं ते मोठं आणलं असतं तर?”

“तर मी आज इथे जेवायला बसलो नसतो.”

“बसला असता की,” ते माझ्या पानात भात वाढत म्हणाले. “तूप नसतं वाढलं.”

आणि त्यांनी तूप वाढलं. अंदाजानं. जरा जास्तच झालं, पण मी काही बोललो नाही.