चातुर्मासात सोडलेलं शेवटचं प्रकरण

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई! कारण सांगताना मलाच हसू फुटतं आणि बशीतला चहा पदरावर सांडतो. गावात व्रतं सांगणारी म्हणून माझा केवढा मान होता! तो मी एका सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर उभी राहून, स्वतःच्या हातानं बुडवला.

त्याचं मूळ एका पुस्तकात आहे. आणि पुस्तक पोथी नव्हे हो, खुनाचं!

माझा भाऊ ब्रह्मपुरीला असतो. तो मला एका रहस्यमालेची पुस्तकं पाठवायचा. भर समुद्रात एक लांबचं बेट, त्यावर चाळीस घरं, आणि दर पुस्तकाला एक खून. सातवं पुस्तक आलं तेव्हा मला काळजीच पडली, अशानं त्या बेटावर दिवा लावायला तरी कोणी उरेल का? सकाळी पोथी, दुपारी खून, असा माझा नेम. आमचे हे शाळेत गुरुजी. ते म्हणायचे, "तुझ्या एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात सुरा."

त्या सातव्या पुस्तकात दीपगृहाच्या रखवालदाराची बायको एकाएकी दिसेनाशी होते. रखवालदार कोणाशी बोलत नाही. रोज पहाटे समुद्रात काहीतरी टाकून येतो. खुनी तोच की आणखी कोणी? एकच प्रकरण उरलं होतं, आणि उजाडली आषाढी एकादशी!

चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं. कोणी वांगी सोडतं, कोणी कांदा. पण देवाला खरं आवडीचं द्यावं, असं मीच बायकांना सांगत असे. मग काय! हात जोडले आणि म्हटलं, "पांडुरंगा, ते शेवटचं प्रकरण कार्तिकीपर्यंत तुला." पुस्तक फडक्यात बांधून फळीवर ठेवलं. देवानं ते घेतलं की नाही, ठाऊक नाही. माझी झोप मात्र घेतली.

त्यात श्रावण लागला. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला नाला, दोन्ही भरले, आणि आमचं गाव झालं बेट! समुद्र मी जन्मात पाहिला नाही, पण बेट कसं असतं ते मला विचारा. बस बंद, टपाल बंद. पलीकडे जायचं तर मासे धरणाऱ्या सोमाभाऊ ढिवराच्या डोंग्यातून, तेही पाणी उतरलं तर.

टपालच बंद, म्हणून पोस्टमास्तरांना काम नव्हतं. ते ज्येष्ठात नवे आलेले, शांत, भला माणूस. बायको सुमन, बावीस-तेवीस वर्षांची. वटपौर्णिमेला वडाखाली भेटली, डोळ्यांत पाणी आणून दोन गोष्टी बोलली. मी तिला दोन-चार व्रतं सांगितली. मी सगळ्यांनाच सांगते हो. वैद्य कुठे लक्षात ठेवतो, कोणाला कोणती पुडी दिली ते?

तर एके दिवशी माझ्या ध्यानात आलं, की ही सुमन अठरा-वीस दिवस कोणाला दिसलेलीच नाही. विहिरीवर नाही, देवळात नाही, मंगळागौरीला नाही, खिडकीतसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी पहाटे फुलं तोडायला गेले, तर पोस्टमास्तर तलावाकडे निघालेले. हातात झाकलेला डबा. मी म्हटलं, "काऊन जी मास्तर, इतक्या पहाटे?" मान खाली घालून सरळ निघून गेले. झाडाआडून बघते तर पाण्यात काहीतरी टाकताहेत. डुबुक. डुबुक. डुबुक.

दुपारी पोस्टात गेले. "सुमनबाई दिसत नाई जी?" तर गडी चाचरला. म्हणाला, "ती... आहे. म्हणजे, भेटणार नाही." आणि बाई, त्यांची बोटं! तीन बोटं लालभडक!

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "पोस्टमास्तरनं बायकोले मारलं."

हे भात कालवत होते. "पुन्हा फळीवरचं पुस्तक काढलंस?"

"हात नाई लावला! तो रोज पहाटे तिले थोडी थोडी करून तलावात टाकून राह्यला."

ह्यांनी तोंडाशी नेलेला घास ताटात परत ठेवला. "जेवताना तरी नको गं."

पण तलावातला मासा अख्खं गाव खातं! हे पातक मी बघत बसू? आम्ही माळकरी, आम्हाला मासा नको; पण शेजारणींना तर सावध करायला हवं. मी पाच जणींना कानात सांगितलं. संध्याकाळपर्यंत तलावाचा मासा कोणी घेईना.

सोमाभाऊ टोपली घेऊन थेट माझ्या दारात. "गुरुजीनबाई, माह्या मासोळीले काय रोग झाला? कोणीच घेऊन नाई राह्यलं!"

मी हळूच विचारलं, "भाऊ, यंदा मासे कसे आहेत?"

"कसे म्हंजे? रोहू अशी लठ्ठ झाली, जशी सासरहून माहेरी आली! जाळं उचलत नाई."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सोमाभाऊला सगळं सांगितलं. त्यानं टोपली खाली ठेवली आणि तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की गरीब मासोळीही ओशाळली असेल.

"मग धरू त्याले," तो म्हणाला. "पोलीस तर गडचिरोलीले. पूर उतरेतोवर आपणच पोलीस."

झालं! दुसऱ्या दिवशी पहाटे मी, सोमाभाऊ आणि ओढून आणलेले आमचे हे, असे तिघे पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली दबा धरून बसलो. पोस्टमास्तर आले. डबा उघडला. निम्मा रिकामा झाला असेल, तोच मी पदर खोचून पुढे.

"थांबा! सुमन कुठी आहे?"

गडी दचकला. तोंड उघडलं, पटकन मिटलं. कपाळाला घाम. नुसते हात जोडताहेत, मान हलवताहेत.

"बोला ना! वाचा गेली का आता?"

सोमाभाऊनं डब्यात हात घातला, एक पांढरा गोळा काढला आणि घाबरत घाबरत फोडला. कणीक! आत कागदाची चिठ्ठी. ह्यांनी ती उलगडली आणि चष्मा सारखा करून मोठ्यानं वाचली.

"श्रीराम."

लाल शाईनं. पोस्टाच्या.

मग पोस्टमास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, चिठ्ठीच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिलं: "वहिनी, आपणच सांगितलेलं व्रत. एकविसावा दिवस. मौन आहे."

मी कपाळावर हात मारला हो! वडाखालचं सगळं आठवलं. दोनदा कूस रिती झालेली पोर, पुन्हा दिवस गेलेले. आणि मीच तिला म्हटलं होतं, नवऱ्यानं पहाटे एकट्यानं जावं, डबा झाकलेला असावा, रामनामाच्या एकशे आठ गोळ्या माशांना घालाव्या, घरी परतेपर्यंत कोणाशी बोलू नये. तू आतल्या खोलीत पडून राहा, कोणाच्या नजरेला पडू नको, कोणाला सांगू नको. एकवीस दिवस! वीस दिवस त्या माणसानं तलावाच्या वाटेवर अक्षर काढलं नाही, आणि एकविसाव्या दिवशी मी त्याला बोल बोल म्हणून दटावतेय! व्रत मोडलं असतं तर कोणत्या तोंडानं तिच्यापुढे गेले असते?

"पाठ फिरवा!" मी ओरडले. "भाऊ, पाठ फिरवा! अहो, तुम्हीपण!"

आम्ही तिघं तलावाकडे पाठ करून, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे. मागे डुबुक, डुबुक. सोमाभाऊ हात जोडून पुटपुटला, "रामा, एक गोळा म्या फोडला. माफ कर जी."

ह्यांनी गंभीरपणे फुटलेला गोळा पुन्हा वळला. त्यात चिठ्ठी घातली आणि मागे न बघता हात मागे करून दिला. मोजणी पुरी व्हायला नको?

गोळ्या संपल्या, व्रत पुरं झालं, मग मास्तरांच्या मागोमाग मी तडक सुमनकडे. आतल्या खोलीत बाजेवर पडलेली, गाल भरलेले, हाताशी चिठ्ठ्यांचे कपटे. मास्तरांनी मौन सोडून सगळं सांगितलं, तशी मला बघून पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. आमचे हे माझ्या मागे दाराशीच उभे होते. म्हणाले, "रहस्यकथेत खुनी नेहमी तोच असतो, ज्याच्यावर कोणाचा संशय नसतो. सगळे पुरावे तूच पेरलेस, आणि तपासालाही तूच निघालीस!"

पाच जणींकडे पुन्हा गेले. प्रत्येकीला म्हटलं, "मासोळी घ्या गं, रामनाम खाऊन लठ्ठ झाली आहे." सोमाभाऊची टोपली दुपारच्या आत रिकामी.

मार्गशीर्षात सुमनला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, रोहूसारखी! बारशाला पाळण्याची दोरी माझ्याच हाती दिली.

आणि ते शेवटचं प्रकरण? कार्तिकीला फडकं सोडलं, पुस्तक हातात घेतलं, आणि पुन्हा बांधून ठेवलं. एका भल्या माणसावर आळ घेतला, त्याचं प्रायश्चित्त नको? ते प्रकरण जन्मभर सोडलं. घेतला वसा टाकणार नाही!

पण आमच्या ह्यांनी ते त्याच संध्याकाळी वाचून काढलं. आता भाजीत मीठ कमी पडलं की नुसती भुवई उचलतात आणि म्हणतात, "सांगू का, खुनी कोण ते?"

आणि मी मुकाट्यानं मिठाची बरणी पुढे सरकवते. एका कानात बोट घालून!