पंचबाईंचं दूध आणि जिराफचा घोटा

बाळ सात महिन्यांचं झालं आणि पंचबाईंना पुन्हा शिट्टी वाजवायचं बोलावणं आलं. मुलींची व्हॉलीबॉल स्पर्धा होती, बाहेरगावी, तीन दिवस.

सासूबाई म्हणाल्या, "जा बिनधास्त. फ्रीजर तुझ्या दुधाने भरलाय. मटार ठेवायलासुद्धा जागा नाही."

नवरा बाटल्या उकळायला शिकला होता, बाळही बाटलीने प्यायला लागलं होतं. तरी बस सुटली तेव्हा बाईंचे डोळे भरून आले, आणि थोड्या वेळाने छातीही.

मैदानावर दूध काढायचा पंप लावायला त्यांना जाळ्या आणि चेंडू ठेवायची खोली मिळाली. तिला आतून कडी नव्हती. मग त्यांचे जोडीदार पंच, ज्यांना सगळे मामा म्हणत, दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. कुणी चेंडू मागायला आलं की सांगायचे, "आत मीटिंग चालू आहे."

"कोणाची?"

"पंचांची."

आतून पंपाची घरघर ऐकू यायची आणि मामा पेपरात आणखी डोकं खुपसायचे.

दूध काढणं जमलं, पण ठेवायचं कुठे? कॅन्टीनचा फ्रीज नावालाच थंड. शेवटी स्पर्धेचा फिजिओ म्हणाला, "मॅडम, माझ्या बर्फाच्या पेटीत ठेवा की. खेळाडूंचे पाय मुरगळल्याशिवाय मी ती उघडतही नाही." बाईंनी दुधाच्या पिशव्यांवर तारखा टाकून त्या बर्फात नीट रचल्या. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं.

अंतिम सामना मात्र लांबतच गेला. पाचव्या सेटला बाई उंच स्टँडवर उभ्या होत्या आणि छाती दगडासारखी झाली होती. तेवढ्यात एक उंच मुलगी, जिला सगळा संघ जिराफ म्हणायचा, उडी मारून खाली येताना दुसरीच्या पायावर उतरली आणि कोसळली. फिजिओ धावला. तिला बाकावर बसवून त्याने पेटीत हात घातला आणि एक मऊ, गार पिशवी तिच्या घोट्यावर दाबून धरली.

पिशवीवर निळ्या अक्षरात तारीख होती. बाईंनी ती वरूनच ओळखली.

शिट्टी तोंडात, गुण बरोबरीत आणि स्टँडवरून ओरडायची सोय नाही. पुढच्या टाइम-आउटला त्या वाकून मामांना म्हणाल्या, "मामा, ते माझं दूध आहे."

"कुठलं?"

"जिराफच्या घोट्यावरचं."

मामांनी आयुष्यात भांडणं, रडारड, फाटलेल्या जाळ्या सगळं पाहिलं होतं. पण हे नवीन होतं. चेहरा अगदी गंभीर ठेवून ते बाकापाशी गेले आणि फिजिओच्या कानात काहीतरी पुटपुटले. फिजिओने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! मला वाटलं जेल पॅक!"

त्याने पिशवी पुसून परत बर्फात ठेवली आणि दुसरा पॅक काढला. जिराफ मात्र तोंडावर हात ठेवून बसली. पाय दुखतोय म्हणून की हसू आवरत नाही म्हणून, ते वरून कळेना. बाईंनी शिट्टी फुंकली, सामना सुरू झाला आणि एकदाचा संपला. संपताच त्या चेंडूच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेल्या.

बाहेर आल्या तर दाराशी मामांच्या खुर्चीवर जिराफ बसलेली. "ताई, सॉरी हं. मला खरंच माहीत नव्हतं. पण खरं सांगू? सूज उतरली."

"उतरणारच," बाई म्हणाल्या. "चांगलं घट्ट दूध आहे ते."

दोघी इतक्या हसल्या की मामा पेपर टाकून बघायला आले. पिशवी फुटली नव्हती, गारही होती. तरी बाईंनी ती वेगळी बांधून घेतली, घरी गेल्यावर आधी तीच वापरायची म्हणून. फिजिओने न मागता डबाभर बर्फ दिला.

घरी पोचल्यावर बाळाने आधी त्यांच्याकडे पाहुण्यासारखं टकमक पाहिलं. मग आवाज ओळखला आणि सरळ शर्टालाच हात घातला.

"घे," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "बाटलीवाल्यांना आता सुट्टी."

बाई बूटही न काढता भिंतीला टेकून बसल्या. बाळ गटागटा प्यायला लागलं, एक पाय हवेत नाचवत. बाईंचे खांदे हळूहळू सैल झाले.

नवऱ्याने विचारलं, "मग, कोण जिंकलं?"

बाईंना क्षणभर आठवेचना.