आठवी सुपारी

आमच्या मामंजींच्या मते थकवा ही खरी गोष्टच नव्हती. मामंजी म्हणजे माझे सासरे. सौंसरच्या मराठी शाळेत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. स्वातंत्र्य आलं त्या सुमारास ते निवृत्त झाले आणि रोज संध्याकाळी घरच्या ओसरीवर वेदान्त सांगायला बसू लागले. दुकानं बंद करून दोन-चार व्यापारी यायचे, पोस्टातले एक गृहस्थ यायचे, शेजारच्या बायका यायच्या. एकादशीला जवळच्या रामाकोना गावाहूनही कोणी कोणी उतरायचं. आत्मा, माया, कर्म, वैराग्य, यांतलं एकेक घेऊन मामंजी आठवडाभर बोलत. गोड बोलत, खोटं कशाला सांगू. भर सभेत ऋषीला प्रश्नावर प्रश्न विचारणाऱ्या एका बाईची गोष्ट ते सांगत, तेव्हा मीसुद्धा हातातलं काम ठेवून दाराशी उभी राहत असे.

पण हातातलं काम ठेवलं तरी ते माझीच वाट पाहत थांबायचं. सतरंज्या घालणं, कंदिलाच्या काचा पुसणं, चहा करणं, मग कपबशा विसळणं आणि सतरंज्या झटकून घड्या घालणं, हे सगळं माझं. सासूबाई होत्या तोवर त्यांचं होतं. त्या गेल्या आणि काही न बोलता ते माझ्याकडे आलं. वैराग्यावरचं बोलणं रंगलं की चहा दोनदा व्हायचा.

यजमान छिंदवाड्याला कचेरीत होते, शनिवारी घरी यायचे. राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचं सगळंच इकडचं तिकडे झालं. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, आमची राजधानी भोपाळ झाली. कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली, त्यात यजमान नागपूरच्या वाट्याला गेले. तिथे त्यांनी एक खोली घेतली. शनिवारचं येणं महिन्यावर गेलं, पुढे दोन महिन्यांवर. मी नागपूरला गेले तर मामंजींकडे कोण बघणार, असा प्रश्न घरात होता, पण तो कोणी विचारत नव्हतं, कारण उत्तर रोज चुलीपुढे बसलेलं दिसत होतं.

यजमानांनी वडिलांनाच नागपूरला नेण्याचं काढलं होतं. मामंजी हसले. हद्द ही माणसानं कागदावर ओढलेली रेघ, ती निव्वळ माया, असं त्यांनी समजावलं. मात्र ती माया ओलांडून पलीकडे जायला ते काही तयार होईनात. आता शाळेत हिंदी वाढत चालली, इथल्या लोकांना मराठीतून चार शब्द सांगणारा मी गेलो तर कोण उरेल, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतही होतं. म्हणूनच जास्त राग यायचा. दिवाळीनंतर बघू, संक्रांतीनंतर बघू, असं करता करता दोन वर्षं गेली. मला नवऱ्याजवळ राहायचं होतं. एवढी साधी गोष्ट, पण त्या घरात ती मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

त्या वर्षी श्रावणात मामंजींनी साक्षी हा विषय घेतला होता. करणारा देह, आत्मा नुसता पाहणारा. देह जड, त्याला काही कळत नाही. आत्मा कधी थकत नाही. मी चहा घेऊन आले होते. दिवसभर धुणं, दळण, विहिरीचं पाणी झालेलं. सभेतली ती बाई माझ्या अंगात आली की काय कोण जाणे, मी ट्रे हातात धरूनच विचारलं.

"मामंजी, आत्मा थकत नाही, देहाला समजत नाही. तर मग रोज संध्याकाळी थकून कोण राहिलं?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. मामंजी म्हणाले, थकतो तो अहंकार. मंडळींनी माना डोलावल्या. पोस्टातले गृहस्थ तर वा म्हणाले. मग अहंकारानं सगळ्यांना चहा दिला आणि मागच्या अंगणात जाऊन कपबशा विसळल्या.

पोळा झाला, गणपती बसले, दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लागलेल्या जमिनीत हातानं पिकवलेलं तेवढंच चालतं. सप्तर्षींच्या नावानं बैलाला असा मान. परसातला भोपळा, दोडकी, अळू मी खुरप्यानं खणून, पाणी घालून वाढवलेलं. बैल सुटला, मी कुठली सुटते! पहाटे आघाड्याच्या काडीनं दात घासले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि पूजा मांडायला बसले.

पाटावर तांदळाचे पुंजके घालून त्यांवर सात ऋषींच्या सात सुपाऱ्या ठेवतात. आठवी अरुंधतीची, ती वसिष्ठांच्या शेजारी. लग्नात नवरा नवरीला अरुंधतीची चांदणी दाखवतो, तीच ही. माझ्या लग्नात आभाळ भरलेलं होतं. भटजींनी ढगांकडे बोट करायला लावलं, दिसली का विचारलं, आणि मी दिसली म्हणाले.

त्या सकाळी सात सुपाऱ्या ओळीत ठेवल्या. आठवी उचलली आणि पाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, एकटीच ठेवली. विसरून नाही, ठरवून.

शेजारच्या बायका जमल्या, मामंजी पूजा सांगायला आले. त्यांची नजर पाटावर गेली.

"सूनबाई, अरुंधती वसिष्ठांजवळ असते."

"असते, मामंजी," मी म्हटलं. "पण कोणी नेऊन ठेवलं तर."

कोणी हसलं नाही. मामंजींनी सुपारीला हात लावला नाही, मलाही ती हलव म्हणाले नाहीत. तशीच पूजा सांगितली, पण आवाज मध्येच खाली गेला आणि कश्यपांचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. मला भीती वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

संध्याकाळी लोक आले. मामंजींनी हात जोडले, आज काही सांगणार नाही म्हणाले आणि सगळ्यांना परत पाठवलं. मी चुलीपाशी भांडी घासत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तिथे ते सहसा येत नसत.

"थकली तू, अन् आत्मा मी सांगून राहिलो," ते म्हणाले. "गणपती गेले का तू नागपूरला जा."

त्यांचं कसं होणार, मी विचारलं. माझं मी पाहीन, म्हणाले. चहा बंद झाल्यावर वेदान्ताला किती लोक येतात तेही एकदा समजेल, असं म्हणून ते थोडं हसले.

"तुझी सासू थकले असं कधी म्हणाली नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, तिला आत्मा समजला."

मला रडू फुटलं. जायला मिळालं म्हणून की सासूबाईंसाठी, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

गणपती गेल्यावर मी निघाले. मामंजी स्टेशनवर आले, माझी पिशवी डब्यात ठेवली आणि गाडी सुटेपर्यंत थांबले. छोटी गाडी ती, प्रत्येक गावाला थांबणारी. खिडकीपाशी बसून हद्द कुठे लागते ते बघायचं मी ठरवलं होतं. पण सौंसर मागे पडलं आणि मला झोप लागली, ती नागपूर येईपर्यंत मोडली नाही.