रॉकेलने पुसलेली डिस्क

प्रभाकर मुजुमदारच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दरबारी कागद सांभाळले. त्याने शहराच्या फ्रीगंज भागात गॅरेज टाकलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. तो तोंडावर सांगायचा, "मुरडा खुशाल. माझ्या हातून गेलेली गाडी जागच्या जागी थांबते."

आणि थांबायची. नवी ब्रेकची डिस्क कशी चकाकते! पण गंज चढू नये म्हणून तिला तेल चोपडलेलं असतं. ते राहिलं तर पॅड तेल पितात आणि चाक धरतच नाहीत. प्रभाकर डिस्क दोन्ही बाजूंनी पेट्रोलने धुवायचा, मग साबणाच्या गरम पाण्याने. कोरडी झाल्यावर फक्त कडेला धरून बसवायची. मधे कुणाचं बोट लागलं की शिवी. हे काम त्याने एकट्या रमेशच्या हाती दिलं होतं. अकरा वर्षं दोघं एका गॅरेजात राबत होते.

शहाण्णवच्या श्रावणात अनिलची व्हॅन नव्या डिस्क बसवायला आली. हा अनिल टॅक्सी स्टँडचा पुढारी. स्टँडच्या बावीस गाड्या प्रभाकरकडे यायच्या. त्या दिवशी प्रभाकरला भाचीच्या साखरपुड्याला देवासला जायचं होतं. डिस्क धुवायला अर्धी बाटली पेट्रोल रमेशच्या हातात देऊन तो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने व्हॅन अनिलला देऊन टाकली आणि तासाभरात ती नदीच्या घाटाच्या उतारावर ब्रेक दाबूनही घसरत गेली आणि नारळाच्या दुकानात घुसली. दुकानवाल्या मंगलाबाईंचा पाय मोडला.

प्रभाकरने स्वतः चाक खोललं, वास घेतला. रॉकेल! पेट्रोल उडून जातं, रॉकेलचा तेलकटपणा मागे राहतो.

"रमेश, पेट्रोल कुठे गेलं?"

"मोपेडमध्ये, दादा. टाकी रिकामी होती. वाटलं, रॉकेलनेपण निघतंच की तेल. साबण-पाणी राहूनच गेलं."

"वाटलं? तुझ्या वाटण्यावर लोकांनी मरायचं का रे?" प्रभाकरने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. "संध्याकाळी स्टँडवर बैठक आहे. उभा राहा आणि हेच सांग. मी तुझ्या शेजारी उभा राहीन."

"सांगतो दादा. आईची शपथ."

बैठकीत अनिलने सरळ विचारलं, "बोलो भिया, डिस्क किसने धोई?"

प्रभाकरने रमेशकडे पाहिलं. रमेश उठला, शर्ट नीट केला. "दादाने. मैंने तो बोला था, ठीक से धो लो. पण त्यांना देवासची घाई."

प्रभाकर ताडकन उठला. "हरामखोरा! दुपारी माझ्यासमोर काय बोललास?" रॉकेल, मोपेड, सगळं त्याने ओरडून सांगितलं. जितका ओरडला तितका खोटा वाटला.

"अब इस गरीब पे डालोगे?" अनिल म्हणाला. "पुरे झालं. गाड्या आता माधव नगरच्या नव्या वर्कशॉपला जातील. एक तारखेपासून रमेश तिथेच लागतोय. अपना आदमी है."

एक तारखेपासून! म्हणजे हे आधीच ठरलं होतं. रमेश घाबरून शब्दाला फिरला असता तर प्रभाकरने एक वेळ माफ केलं असतं. हा तर बावीस गाड्या बरोबर घेऊनच निघाला होता. रमेश चहा फुंकत होता.

सकाळी प्रभाकर दवाखान्यात गेला. मंगलाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"मंगलाताई, गाडी माझ्या गॅरेजातून निघाली होती. माफी मागायला आलोय."

"लोक म्हणतात, डिस्क नीट धुतली नव्हती. कोणी धुतली होती, भैया?"

भांडायला नव्हे, ऐकायला विचारणारं कोणी तरी भेटलं. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "गाडी देण्याआधी तुम्ही एकदा बघितली नाही?"

"रमेशने बसवली होती ना," प्रभाकर म्हणाला, आणि रमेशचं ते "वाटलं" त्याला आठवलं.