आर्डिसच्या तळघराची तपासणी

व्हर्लिन स्टोर्डाल एकतीस वर्षं आयर्न लेक गावाचा बांधकाम तपासनीस होता. आमच्याकडे सहा महिने बर्फ. घरात एक खोली वाढवायची तर माणूस तळघरात उतरतो, भिंती घालतो, गालिचा अंथरतो. पण परवान्याच्या पिवळ्या कार्डावर व्हर्लिनची सही होईपर्यंत तिथं कोणी झोपायचं नाही.

मापं घ्यायची टेप त्याच्या खिशात असे, पण त्याची खरी परीक्षा वेगळीच. जिथं पलंग येणार तिथं तो जमिनीवर आडवा व्हायचा, दिवा घालवायला सांगायचा आणि डोळे मिटून पडायचा. मग अंधारात चाचपडत खिडकी गाठायचा आणि तिच्यातून बाहेर पडायचा. आग लागली की झोपेतल्या माणसाला कागदावरची मापं उपयोगी पडत नाहीत, असं त्याचं म्हणणं. लोक हसायचे. त्याची बायको इर्मा म्हणायची, "याला घरच्या गादीवर झोप येत नाही, दुसऱ्याच्या फरशीवर मात्र लगेच घोरतो."

त्या जानेवारीत आर्डिस क्विस्टचा फोन आला. दोघं शाळेत एका वर्गातली. आर्डिसची नऊ वर्षांची नात लिनिया सरकारने परक्या घरी ठेवलेली होती. आजीच्या घरी तिला स्वतंत्र खोली मिळाली, आणि त्या खोलीच्या कार्डावर शुक्रवारपर्यंत सही झाली, तरच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बालकल्याण खात्याचे लोक मुलीला आजीकडे सोपवणार होते.

दुपारी दोन वाजता व्हर्लिन पोचला. खोली देखणी झाली होती. भिंत फोडून नवी खिडकी बसवलेली. आग लागली तर तिच्यातून वर निघता यावं म्हणून तिच्याबाहेर जमिनीत पुरलेला कोरडा लोखंडी हौद, चढायला शिडी, वर झाकण. झाकणावर बर्फ साचल्यामुळे खिडकी काळीभोर दिसत होती.

"मापं बरोबर आहेत," टेप गुंडाळत व्हर्लिन म्हणाला.

"मग कर की सही. लोळण कशाला घेतोस? गुडघे बघ तुझे."

"गुडघे माझे आहेत, आर्डिस. तू दिवा घालव."

दिवा गेला. व्हर्लिन डोळे मिटून पडला. घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर थांबली, आणि मग त्याला ऐकू आलं. लोखंडावर नखं फिरत होती. सावकाश, थांबून थांबून.

"आर्डिस, काय खरवडतेस?"

"मी इथं जिन्यावर आहे," पलीकडून तिचा आवाज आला. जरा वेळाने ती म्हणाली, "तुलाही ऐकू येतंय तर."

तो उठला. चाचपडत खिडकी गाठली, उघडली, हौदात उतरला. आवाज बंद झाला. शिडी चढून त्याने झाकणाला खांदा लावला. झाकण हललं नाही. त्याने खिशातली विजेरी लावली. शिडीच्या दांड्यांवर पांढरं दव गोठलं होतं. वरच्या दोन दांड्यांवर मात्र ते पुसलेलं होतं, बोटं मिटून घट्ट धरल्यासारखं. ती बोटं त्याच्या बोटांच्या निम्मीही नव्हती. आणि झाकणाच्या आतल्या बाजूवर ओरखडेच ओरखडे.

तो परत आत आला. आर्डिसने दिवा लावला होता.

"झाकण कोणी बंद केलं?"

"मी. चार स्क्रू मारलेत." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "साठ वर्षं तिथं नुसती भिंत होती, व्हर्लिन. कधी हूं नाही की चूं नाही. खिडकी बसवली आणि आठवड्यात हे सुरू झालं. रोज कोणीतरी आत यायला बघतं. पोरीला मी इथं निजवणार. उघडं कसं ठेवू?"

"स्क्रू मारलेल्या झाकणाखाली पोर निजवणार? मी सही देणार नाही."

"शुक्रवारची मुदत आहे रे. ती वाट बघतेय."

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. "आर्डिस, ओरखडे आतल्या बाजूने आहेत. ते आत येत नाहीये."

आर्डिस पायरीवरून उठली. मग तिने कोट चढवला आणि स्क्रू काढायचं यंत्र उचललं.

बाहेर ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. आर्डिस गुडघ्यावर बसली, हाताने बर्फ सारला, एक एक स्क्रू काढला. चौथा हातात आला तशी ती उभी राहिली. झाकणाला दोघांपैकी कोणीच हात लावला नव्हता. ते आपणहून वर उचललं गेलं, वीतभर थांबलं, मग बिजागरीवर उलटून मागे पडलं. हौदात कोणी नव्हतं. बर्फावर पाऊल उमटलं नाही. फक्त कोंदट, उबदार हवेचा एक झोत दोघांच्या मधून गेला. आर्डिस एक पाऊल बाजूला सरकली, दारात एखाद्याला वाट द्यावी तशी. व्हर्लिनने टोपी काढली.

"चल," थोड्या वेळाने तो म्हणाला. "झाकण लाव. परीक्षा राहिलीय माझी."

तो पुन्हा खाली गेला, पुन्हा अंधारात पडला. या खेपेला बराच वेळ पडून राहिला. भट्टीशिवाय काही ऐकू आलं नाही. मग कण्हत, गुडघ्यांना शिव्या देत तो शिडी चढला आणि झाकण ढकलून बर्फात बाहेर आला.

स्वयंपाकघरात बसून त्याने कार्डावर सही केली. शेऱ्याची ओळ तो सहसा रिकामी सोडायचा. आज तिथं लिहिलं, "झाकण आतून उघडतं. स्वतः पाहिलं."

आर्डिसने ते दोनदा वाचलं. मग ती फोनकडे गेली, पोरीला उद्याच आणा म्हणून सांगायला.