नाकाबद्दल कुणी बोलायचं नाही

आमच्या घरात एखाद्या वेळेस भाजीत मीठ कमी पडेल, पण मत कमी पडत नाही. कोणी जाड झालं, कोणी वाळलं, कोणाचा रंग उतरला, की माणूस उंबरा ओलांडायच्या आत त्याला ते सांगून टाकतात. याला आम्ही आपुलकी म्हणतो. डोंबलाची आपुलकी! तिच्यापायी माझी धाकटी बहीण हातची जायची वेळ आली होती, आणि आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ होतात, घर पाहुण्यांनी भरतं आणि लग्नाळू पोरापोरींना जाता-येता बघून घेतात. मामाचं गाव राजेगावच्या रस्त्याला. तिथल्या मंडईत मामीने भर अंगणात माझ्या बहिणीला उभं केलं आणि म्हणाली, "पोरीचं नाक वाकडं होऊन राह्यलं काय वं?" जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. बहीणही हसली.

नाक सरळ होतं. पण ते वाकडं आहे हे तिच्या डोक्यात जे बसलं, ते उठेचना. आमच्या बालाघाटात स्कूटीवरच्या सगळ्याच पोरी उन्हाधुळीपायी तोंडाला स्कार्फ बांधतात, नुसते डोळे उघडे. त्यामुळे तिने कॉलेजच्या वर्गातही स्कार्फ सोडायचं बंद केलं, तरी कुणाला काही वाटलं नाही. मग ती घरातही सोडेना. जेवायला पाठ करून बसायची. तासन्‌तास आरशापुढे उभी, नाहीतर मोबाइलवर स्वतःचे फोटो काढायचे, मोठे करून बघायचे, पुसायचे. कॉलेज सुटलं, परीक्षा बुडाली.

आणि दिवसभर एकच प्रश्न. "ताई, खरं सांग, वाकडं दिसून राह्यलं ना?"

"नाही वं, चाफेकळीसारखं आहे!" आम्ही सगळे एका सुरात. चहाला उकळी येईपर्यंत तिला बरं वाटायचं. कप हातात येतो न येतो तोच पुन्हा तेच.

आणि उपाय? विचारूच नका. आत्याने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. बाबांनी घरातले आरसे उतरवून माळ्यावर टाकले, तर ती स्टीलच्या ताटात नाक बघायला लागली. काकांनी निकाल दिला, "नखरे आहेत. लग्न लावून द्या, सब ठीक हो जाएगा." नखरे! जी पोर आठवडा आठवडा अंगणात पाय टाकत नाही, तिचे कसले आलेत नखरे? शेवटी कंटाळून बाबा तिला एका प्लास्टिक सर्जरीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने तिला धड दोन प्रश्न विचारले नाहीत. कॉम्प्युटरवर नवं नाक दाखवलं आणि तारीख देऊन मोकळा झाला. सरळ नाक सरळ करायला निघाला होता तो गृहस्थ! मी घर डोक्यावर घेतलं. "आधी नाकाच्या डॉक्टरला दाखवा, नाहीतर मी दारात आडवी पडते," म्हणाले. त्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, नाकाला काही झालेलं नाही, मनाच्या डॉक्टरकडे न्या. तर आत्या म्हणते, "पागल आहे का आपली पोरगी? लोक काय म्हणतीन?"

म्हणायचं शिल्लक काय ठेवलं होतं लोकांनी?

तरी मी तिला गोंदियाला नेलंच, आई सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी नाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?" बहिणीने मान डोलावली. हौ. आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. इतके महिने आम्ही नाकावर चर्चा करत बसलो होतो आणि पोर जिवाला कंटाळली होती.

बाईंनी समजावून सांगितलं. हा आजार आहे आणि त्याला नाव आहे, बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर. हा नटवेपणा नव्हे. आपल्याला चेहरा दिसतो, हिला तेवढी एकच जागा दिसते आणि मन तिथून हलत नाही. पोरांनाही होतो. ऑपरेशनने सहसा समाधान होत नाही, आज नाक तर उद्या हनुवटी. गोळ्या आहेत, त्या लागू पडायला आठवडेच्या आठवडे जातात, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि बोलून करायचे उपचार आहेत. स्कार्फ हळूहळू सोडायचा, आधी अंगणात, मग दुकानापर्यंत. छाती धडधडली तरी पळायचं नाही, ती शांत होईपर्यंत थांबायचं. आरसे परत लावायचे, हातभर लांबून पूर्ण चेहरा बघायचा आणि कामाला लागायचं.

मी मामीच्या बोलण्याचं विचारलं. "एका बोलण्याने हा आजार होत नाही," बाई म्हणाल्या. "पण अशा बोलण्याने बरंही कोणी होत नाही." मग आमच्या दोघींकडे वळून म्हणाल्या, "ती नाकाचं विचारेल. उत्तर द्यायचं नाही. छान आहे, असंसुद्धा नाही. उत्तर दिलं की आजाराचं पोट भरतं आणि तो पुन्हा मागायला येतो."

उत्तर द्यायचं नाही, आणि तेही आमच्या घराने! आईला निर्जळी एकादशी सोपी गेली असती. बहीण रडायची, दारं आपटायची. "तुम्ही बोलत नाही म्हणजे वाकडंच आहे!" आम्ही आपले म्हणायचो, चल, चहा टाकू. आत्या खोलीत जाऊन उशीत तोंड घालायची, पण गप्प बसायची. महिने गेले. ती दुकानापर्यंत गेली, मग कॉलेजात मागच्या बाकावर जाऊन बसली. आणि एक दिवस आपण होऊन म्हणाली, "ताई, मी मंडईले येईन. स्कार्फ बांधणार नाही."

मी मामीला फोन केला. "मामी, तिच्या नाकाबद्दल कुणी बोलायचं नाही."

"हौ वं, समजली मी," मामी म्हणाली.

काय कपाळ समजली? आम्ही ऑटोतून उतरलो तर अख्खी गल्ली अंगणात उभी, मामीने शिकवून ठेवलेली. "अवं माय, किती सुंदर नाक!" "कोण म्हणते वाकडं?" एका म्हातारीने तर तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बहिणीचा एक हात नाकावर गेला. दुसरा पर्समध्ये, स्कार्फवर.

"काय सांगितलं होतं मामी तुले?" मी ओरडलेच.

"काहून ओरडून राह्यली? चांगलंच त बोललो!"

"चांगलंही नको! उतरा एकदाच्या तिच्या नाकावरून!"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. "ताई..." पुढचा प्रश्न मला पाठ होता. मी ओठ घट्ट मिटले. असं गप्प राहणं किती जड जातं, ते मलाच ठाऊक. तिने प्रश्न पुरा केला नाही. पर्समधला हात बाहेर काढला, तो रिकामा होता. नाकावरचाही खाली घेतला.

"मामी," ती म्हणाली, "दोन वर्सं झाली, माझं नाक सगळ्यायनं पाह्यलं. मी कशी आहो, हे एकीनंही विचारलं नाही."

मामीजवळ पहिल्यांदाच मत नव्हतं. मग ती ओशाळून पुढे आली. "कशी आहेस वं बाई?"

"बरी नाही झाली अजून," बहीण म्हणाली. "पण आली."